घासून न निघालेला गंज

दुपारची गिऱ्हाइकं गेल्यावर तोकुजी कुराहाशी आपल्या वाम मासे भाजायच्या दुकानातले कोळसे विझवत होता. तेवढ्यात त्याच्या मुलीने, माकिकोने माडीवरून विचारलं, "बाबा, आईच्या तलवारीचं काय करायचं?"

"कोणती तलवार? ती जत्रेतली?"

"जत्रेतली म्हणू नका हो. आई असती तर आत्ता खाली आली असती."

तोकुजीने पुढच्या कोळशावर राख ओढली. त्याची बायको हात्सुए वसंतात वारली. तेव्हापासून माडीवरून कुणी रागावून खाली येत नव्हतं.

ही तलवार हात्सुएने लग्नात माहेराहून आणली होती. आजोबांच्या आजोबांची आहे, असं ती सांगायची. तोकुजीला ते कधी पटलं नाही. तिचे वडील युद्धावरून परत आले तेव्हा त्यांच्याकडे धड बूटही नव्हते. असल्या घरात पिढीजात तलवार कुठून येणार? पण हात्सुए दर महिन्याला ती खाली काढायची. आपला श्वास पात्यावर पडू नये म्हणून ओठांत कागद धरायची, दगडाच्या भुकटीची पुरचुंडी टेकवून पातं पुसायची, मग लवंगेच्या तेलाचा हात फिरवायची. तोकुजी नेमकी हीच वेळ साधायचा. तोंडात कागद असल्यामुळे बायकोला बोलता यायचं नाही.

"काय, आज पत्र्याला तेल का?" तो म्हणायचा. "माझ्या जाळीलाही लाव थोडं. तीही आजोबांच्या आजोबांची आहे."

हात्सुए शांतपणे काम संपवायची. तलवार म्यानात गेली की कागद तोंडातून काढायची आणि म्हणायची, "झालं बोलून? चहा ठेव."

आणि तोकुजी चहा ठेवायचा.

माकिको म्हणाली, "मी चौकशी केलीय. तलवार खरी असेल तर सरकारी दाखला लागतो. आईच्या कपाटात तसलं काही नाही."

"मग नकलीच आहे. ठेव होती तिथे."

विषय तिथे संपला असता, पण शेजारचा न्हावी मोरिवाकी चहाला आला. सेकी गावात घरटी कुणीतरी चाकू, कात्र्या नाहीतर वस्तरे करतं. त्यामुळे पात्याविषयी मत नसलेला माणूस या गावात जन्माला येत नाही. मोरिवाकी तर रोज लोकांच्या गळ्यावर वस्तरा धरायचा. त्याच्या मताला गिऱ्हाईक विरोध करत नसे.

"एका मिनिटात सांगतो," तो म्हणाला. "नकली तलवार जस्ताच्या मिश्रणाची असते. तिला लोहचुंबक चिकटत नाही. आण चुंबक."

फ्रिजवर दुकानाच्या जाहिरातीचा चुंबक होता. वाम माशाच्या आकाराचा, पोटावर फोन नंबर. मोरिवाकीने पातं वीतभर बाहेर काढलं आणि मासा जवळ नेला. मासा त्याच्या हातातून सुटला आणि टप्पकन पात्याला चिकटला.

तिघंही माशाकडे बघत राहिले.

"पोलाद आहे," मोरिवाकी म्हणाला.

"म्हणजे खरी?" माकिकोने विचारलं.

"म्हणजे आधी पोलिसांना कळवायचं."

"चहा प्यायला आलास की मला तुरुंगात घालायला?" तोकुजी म्हणाला.

दोघे तलवार घेऊन चौकीवर गेले. तिथला निहेई नावाचा तरुण शिपाई चांगला होता. त्याने मान लववून हात्सुएविषयी दुःख व्यक्त केलं आणि मग तलवारीपासून थोडं लांबच बसून नोंद करून घेतली. "घाबरू नका काका, जुन्या घरांत अशा सापडतात. गिफू शहरात तपासणी असते, तिथे दाखवा. हाताने घडवलेली खरी तलवार निघाली तर दाखला मिळेल, घरी घेऊन जा."

"आणि नकली निघाली तर?"

"मिश्रधातूची असती तर प्रश्नच नव्हता. पण ही पोलादी आहे. युद्धाच्या काळात कारखान्यात अशा पुष्कळ केल्या होत्या, सैन्यासाठी. तसली निघाली तर दाखला नाही. ती ठेवताही येत नाही. तोडून टाकतात."

तोकुजीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "पूर्ण खरी चालते?"

"चालते."

"पूर्ण खोटी चालते?"

"चालते."

"मग अर्धवटानं काय पाप केलंय? अर्धं गाव तसलंच आहे!"

निहेईने मोरिवाकीकडे बघितलं आणि घाईने नजर खाली घातली.

घरी येताना तोकुजी मनाशी हिशेब करत होता. सासरे युद्धात होते. पायात बूट नसलेला माणूस कारखान्यातली तलवार मात्र उचलून आणू शकतो. इतकी वर्षं ज्या तलवारीला तो पत्रा म्हणत होता, ती आता खरीच निघावी म्हणून तो रस्त्यातल्या प्रत्येक देवळापुढे थांबून रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून नमस्कार करत होता. हात्सुएचे कपडे माकिको बांधून नेणार होती. चष्मा तिच्याबरोबरच चितेत गेला होता. जिला तिने दर महिन्याला हात लावला, अशी घरात ही एकच वस्तू उरली होती.

तपासणीच्या दिवशी मोरिवाकीने दुकान बंद ठेवून गाडी काढली. हात्सुएने किमोनोच्या जुन्या कमरपट्ट्याच्या कापडाची पिशवी शिवली होती, तिच्यात घातलेली तलवार मांडीवर घेऊन तोकुजी शेजारी बसला. गाव मागे पडलं तसा त्याचा जीव थोडा थाऱ्यावर आला.

"मी तयारी केलीय," तो म्हणाला. "निहेई म्हणाला होता, तिथे मूठ काढून आतला भाग बघतात. म्हणून सकाळी बांबूची खुंटी काढून मीच मूठ उतरवली. बघतो तर काय, आतला बुडखा गंजानं काळाकुट्ट! डॉक्टरकडे जाताना माणूस निदान बनियन तरी स्वच्छ घालतो. हात्सुएची वस्तू तशी नेणार होतो का मी? व्हिनेगर ओतलं आणि जाळी घासायच्या तारेच्या ब्रशनं घासला."

मोरिवाकीने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली.

"काय घासलंस?"

"बुडखा."

"तोकु, तलवारीचं वय त्या गंजावरून ओळखतात. तो गंज कुणी पुसत नाही. पोरंसोरंही पुसत नाहीत. शेकडो वर्षं लोकांनी त्याला हात लावला नाही, आणि तू व्हिनेगर ओतलंस?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"सेकीत राहतोस ना? वय पुसलंस तू तिचं! आता ती म्हातारी आहे हे सांगायचं कशावरून?"

तोकुजी पिशवी घट्ट धरून बसला. हळूच म्हणाला, "गाडी चालव. उशिरा गेलो तर आणखी वाईट दिसेल."

तपासणीच्या खोलीत हिरवं कापड घातलेल्या मेजामागे त्सुगेबाई बसल्या होत्या. केस पांढरे, बोलणं कमी. शेजारी त्यांचे एक सहकारी होते, तेही गंभीर. त्सुगेबाईंनी तलवारीला वाकून नमस्कार केला, खुंटी काढली, मूठ उतरवली. त्या थांबल्या. सहकाऱ्यांच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मी," तोकुजी म्हणाला. "माफ करा. अजून नीट करायला हवं होतं."

"अजून?"

"निघेचना हो. मी वाम भाजतो. वडिलांच्या वेळची जाळीसुद्धा मी आरशासारखी करतो. रस्सा जळून दगड झालेला असतो, तोही निघतो. पण हे वरवर थोडं उजळलं आणि खाली काळं ते काळंच. सकाळभर घासलं, खांदा दुखायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा हरलो."

मागे मोरिवाकीने डोळे मिटून घेतले होते.

त्सुगेबाईंनी बुडखा खिडकीच्या उजेडात धरला. भिंगातून बघितला, उलटवला, पुन्हा बघितला. मग भिंग सहकाऱ्यांकडे दिलं. ते बराच वेळ मान वर करेनात.

"कुराहाशीसाहेब," बाई म्हणाल्या, "कारखान्यातल्या तलवारीला जुनी दाखवायला कुणी खोटा गंज चढवला, तर तो वरवरचा असतो. तुमच्या ब्रशपुढे चार हातसुद्धा टिकला नसता. हा पोलादाच्या आत उतरलाय. इतका खोल जायला त्याला पुष्कळ पिढ्या लागल्या. असली परीक्षा आम्हाला कधीच घेता आली नसती. कृपा करून तुम्हीही पुन्हा घेऊ नका."

"म्हणजे?"

"अजून पातं बघायचंय. या इकडे."

त्यांनी तलवार उजेडात तिरकी धरली आणि तोकुजीला आपल्या जागी उभं केलं. इतक्या वर्षांत त्याने हे पातं असं कधी बघितलंच नव्हतं. पोलादात लाकडासारख्या बारीक रेषा होत्या, एकीत एक मिसळलेल्या. आणि धारेच्या कडेने पांढरी पट्टी गेली होती, पहाटे नदीवर धुकं धरतं तशी, कुठे वर चढलेली, कुठे खाली आलेली. बाईंनी पातं केसभर कलवलं की धुक्यात बारीक कण चमकायचे आणि पुन्हा विझायचे.

"हे यंत्राला जमत नाही," त्सुगेबाई म्हणाल्या. "तापलेलं पातं पाण्यात घालायच्या क्षणी हे घडतं. लोहाराला तो एकच क्षण मिळतो. त्यानं नाव कोरलेलं नाही, पण माणूस फार मोठा होता." मग त्यांनी विचारलं, "हिची काळजी कोण घेतं?"

"माझी बायको घ्यायची. वसंतात गेली."

बाई पात्यावरून नजर फिरवत राहिल्या. "कुठे ओरखडा नाही. बोटाचा डाग नाही. मी संग्रहालयांच्या तलवारी बघते. त्यांनासुद्धा असा हात मिळत नाही." त्यांनी तलवार खाली ठेवली आणि पुन्हा वाकून नमस्कार केला. या वेळचा नमस्कार तलवारीला नव्हता, हे तोकुजीला कळलं. तो घाईने त्यांच्याहून जास्त वाकला आणि त्याचं कपाळ मेजावर आपटलं.

दाखला मिळाला. सहकारी निरोप देताना म्हणाले, "मात्र तुम्ही त्या ब्रशनं हिची किंमत निम्मी केलीत."

"विकायचीय कुणाला?" तोकुजी म्हणाला.

पुढच्या महिन्यात, हात्सुएच्या ठरलेल्या दिवशी, तोकुजीने दुकान लवकर बंद केलं. तिच्या फोटोसमोर बसून त्याने ओठांत कागद धरला, पातं म्यानातून बाहेर काढलं आणि पुरचुंडी हातात घेतली. पुरचुंडी जपून टेकवायची असते, घासायची नसते, हे त्याने मोरिवाकीकडून अनेकदा ऐकून घेतलं होतं.

तेवढ्यात मोरिवाकी स्वतःच दारातून आत आला.

"वा! तेल चाललंय. ब्रश कुठाय? व्हिनेगर आणू का? म्हातारी दिसतेय अजून, थोडं वय कमी कर की! अरे, बोल ना. आज गप्प का?"

तोकुजीने मान वर केली नाही. पुरचुंडी टेकवली, भुकटी पुसली, तेलाचा हात फिरवला. मोरिवाकी थांबला नाही. जाळी झाली, चुंबक झाला, मेजावर आपटलेलं कपाळ झालं, त्याने सगळं पुन्हा काढलं. तोकुजीने पातं उजेडात एकदा तिरकं धरून धुकं बघितलं. मग तलवार सावकाश म्यानात घातली, फोटोसमोर ठेवली आणि तोंडातला कागद काढला.

"झालं बोलून?" तो म्हणाला. "चहा ठेव."