गच्चीवरच्या बागुल मॅडम

आमच्या बागुल मॅडम नव्या मुलीला पहिल्या दिवशी कॉम्प्युटर दाखवत नाहीत. आधी गच्ची दाखवतात.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ऑफिस. बाटल्या भरणाऱ्या यंत्रांचे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. शेजारच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर दिवसभर धडधडत असतो. मॅडम मुलीला त्या बाजूच्या कठड्याशी उभं करतात, स्वतः पार दुसऱ्या टोकाला जातात आणि ओरडतात, "आता सांग, काय येतं तुला?"

मी म्हणाले होते, "थोडंफार कोडिंग येतं, मॅडम."

"ऐकू आलं नाही!"

"थोडंफार कोडिंग येतं!"

"ते 'थोडंफार' काढ आणि बोल!"

शेवटी मी घसा फाडून ओरडले, "मला कोडिंग येतं!" खालचा चहावाला किटली हातात धरून वर बघत राहिला. मॅडम म्हणाल्या, "हं. आता जा, कामाला लाग."

त्यांचा सगळा कारभारच असा. मीटिंगमध्ये एखादी मुलगी भिंतीकडेला बसलेली दिसली, की मॅडम तिला खुर्चीसकट टेबलापर्यंत ओढत आणतात. कुणी उगाच 'सॉरी' म्हटलं की विचारतात, "कोणाचा पाय तुडवलास?" बाई पन्नाशीच्या, सटाण्याकडच्या. चिडल्या की थेट अहिराणीवर येतात. "तोंड शे ना तुले?" म्हणजे, तोंड आहे ना तुला?

यंदा सॉसच्या एका कंपनीचे साहेब यंत्र पाहायला आले. प्रोग्रॅम माझा होता. पण साहेब सगळं विचारत होते आमच्या ऑफिसातल्या सचिनला, आणि सचिन आला होता फक्त प्रोजेक्टर लावायला.

"मध्येच लाइट गेली तर?" साहेबांनी विचारलं.

सचिनने माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे. मॅडम छताकडे बघत होत्या.

मी पुढे झाले. म्हणाले, "सर, हा प्रोग्रॅम मी लिहिलाय. उत्तर मी देते." आणि जाऊन मेन स्विचच बंद केला. साहेब दचकले. अर्ध्या भरलेल्या बाटल्या जागच्या जागी थांबल्या. स्विच पुन्हा लावला, तर यंत्राने प्रत्येक बाटली होती तिथूनच पुढे भरली. एक थेंब सांडला नाही. त्यानंतरचा प्रत्येक प्रश्न साहेबांनी मलाच विचारला.

मॅडमनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. वायरी गुंडाळायला लागल्या.

संध्याकाळी मी पार्किंगमध्ये स्कूटी काढत होते. खांबापलीकडे मॅडम फोनवर बोलत होत्या, सटाण्याला, आईशी. इथे त्या एकट्याच राहतात.

"माय, आज मनी पोर बोलनी," त्या सांगत होत्या. 'मनी' म्हणजे माझी, एवढी अहिराणी मनमाडच्या मुलीला कळते. "समदासमोर बोलनी."

पलीकडून आईने काहीतरी विचारलं असावं. मॅडम हसल्या.

"कोनती म्हंजे? मनीच ना."

मी घाईघाईने हेल्मेट घातलं, काच खाली ओढली. मॅडम फाटकाबाहेर जाईपर्यंत मी स्कूटी सुरू केली नाही.