सलाइनवरची गाडी

आमच्या शेजारच्या भास्करभाऊंच्या मोटरसायकलला अधूनमधून सलाइन लागतं. थट्टा नाही. सलाइनची रिकामी बाटली, तिच्यात मोजून भरलेलं पेट्रोल, बाटलीची नळी थेट कार्बोरेटरला, आणि मागच्या सीटवर कुसुमवहिनी हात उंच करून ती बाटली धरून बसलेल्या. अमरावतीच्या भर रस्त्यातून ही वरात निघाली की नवखा माणूस हळहळून विचारतो, "पेशंट कुठी हाय हो?" भाऊ इंजिनाकडे बोट दाखवतात. "हा काय. लय पिऊन राहिला."

उद्देश एकच, ॲव्हरेज! बाटली संपून गाडी बंद पडली की किती किलोमीटर झाले ते बघायचं, कार्बोरेटर उघडून पेट्रोल आणखी थोडं आवळायचं आणि पुन्हा बाटली भरायची. जिनिंगमध्ये जन्मभर कापूस मोजून रिटायर झालेला हा माणूस आता पेट्रोलचे थेंब मोजतो. वाचतं त्यापेक्षा जास्त पेट्रोल या टेस्टिंगमध्येच जळतं, असं मी एकदा बोलून बसलो. "तू वकिलाचा पोरगा हाय का बे?" म्हणाले, आणि पुढे कितीतरी दिवस मला पाहून रस्ता बदलायचे.

खिशात पेन नसेल, पण स्क्रू-ड्रायव्हर असतोच. वरुडला एका लग्नाला गेलो तर भाऊ मांडवात शिरेचनात. गाड्या लावल्या होत्या तिथेच घुटमळत राहिले आणि एका भल्या माणसाला गाठून त्याची गाडी उघडून बसले. आत भटजी माइकवरून नवरीच्या मामाला हाका मारतायत, आणि मामा बिचारा फेट्यासकट भाऊंपुढे उकिडवा, ओंजळीत कार्बोरेटरचे सुटे भाग घेऊन! मुहूर्त टळला. भाऊंचं म्हणणं, "मुहूर्ताचं काय, दुसरा काढता येते. गाडी तं सुधरली ना!"

अचलपूरला कुणाच्या तरी वारल्याचं भेटायला गेले, तेव्हा तर कहर केला. मुलगा गळ्यात पडून रडतोय. भाऊ त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "लय वाईट झालं बाप्पा. पण तू आता आला ना, तं तुही गाडी काळा धूर मारून राहिली."

माणसंही ते अशीच मोजतात. पुतणीला पाहायला आलेल्या मुलाबद्दल घरात सगळ्यांचं चांगलं मत झालं, भाऊंचा मात्र नकार. "पोरगा लीन हाय. चढावर दम टाकीन." लीन म्हणजे पेट्रोल कमी मिळणारा.

पण भाऊंच्या डोळ्यांत सलणारं खरं कुसळ म्हणजे अकोल्याचे दिगंबरराव. हे त्यांचे साडू, वहिनींच्या धाकट्या बहिणीचे, बेबीताईंचे यजमान, आणि ॲव्हरेजच्या वेडात भाऊंच्या तोडीस तोड. दर वर्षी दिवाळी झाली की दोघांची शर्यत. दोन गाड्या, मागे दोघी बहिणी, हातात एकेक सलाइन. सारखंच पेट्रोल. जो लांब जाईल तो जिंकला. हरणाऱ्यानं दिगंबररावांच्या शेतात गोवऱ्या पेटवून त्यात कणकेचे रोडगे भाजायचे आणि जिंकणाऱ्यानं बाजेवर लोळत त्यांना नावं ठेवायची. आजवर कधी हा, कधी तो. बरोबरीतच चाललं होतं.

यंदा दिगंबररावांनी फोनवर बॉम्ब टाकला. त्यांनी नवी गाडी बुक केली. तिच्यात कार्बोरेटरच नाही, सगळं कॉम्प्युटर ठरवतो. म्हणजे ही शेवटची शर्यत. यंदा जो जिंकेल तो कायमचा जिंकला.

भाऊ पेटलेच. पेट्रोल आवळत आवळत इतकं कमी केलं की गाडी उचक्या देत चालायला लागली. दर उचकीला मागच्या माणसाला हिसका. दसऱ्याच्या साफसफाईत वहिनींची कंबर धरली होती, ती अजून पुरती सुटली नव्हती. पण या गडबडीत कंबरेकडे लक्ष कुणाचं?

शर्यतीच्या दिवशी सकाळी आम्ही अकोल्याला निघालो. पंच म्हणून मी माझ्या गाडीवर मागे. बडनेऱ्यापासून वहिनींच्या तोंडाचा पट्टा सुरू. बेबीची साडी, बेबीचा फ्रिज, बेबीच्या नवऱ्याचा तोरा, सगळं मला मागे ऐकू येत होतं. मूर्तिजापूर गेलं आणि आवाज थांबला.

पुढे चहाला थांबलो. भाऊ टपरीवर चहा सांगत होते. वहिनी कंबरेवर हात ठेवून वाकून उभ्या. मी विचारलं.

"काही नाही भाऊजी. या उचक्यायनं कंबर लय दुखून राहिली. पण तुमी चूप राहजा. यायले समजलं तं मले बेबीच्या घरी ठेवतीन अन् तुमाले मागं बसवतीन. बेबीपुढं मले हारायचं नाही!"

मी चूप राहिलो. भाऊ चहा घेऊन आले, तेही गप्पच. मला वाटलं, शर्यतीचं टेन्शन.

अकोल्याच्या बाहेर दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या. बाटल्या भरल्या. तेवढ्यात भाऊ म्हणाले, "थांबा, कचरा आला वाटते." आम्हाला सगळ्यांना दूर पिटाळून कार्बोरेटर उघडून बसले. दिगंबरराव हसत होते, "आता काय देव बसवता का त्याच्यात?"

शर्यत सुटली. भाऊंची गाडी काय निघाली म्हणता! एक उचकी नाही, एक हिसका नाही. वहिनींना कंठ फुटला. बाटली उंच धरून शेजारून चाललेल्या बहिणीला ओरडून सांगतायत, "बेबे, रोडग्याची कणीक भिजवून ठेवली का नाही?" मी मनात म्हटलं, जिंकलो.

आणि गाडी बंद पडली. बाटली खडखडीत रिकामी. इतक्या लवकर भाऊंची बाटली कधी संपली नव्हती. दिगंबरराव हात हलवत पुढे निघून गेले. बेबीताईंनी मागे वळून उरलेलं पेट्रोल हलवून दाखवलं.

वहिनी उतरल्या त्या भडकूनच. "अकोल्याचं पेट्रोलच पानचट हाय," भाऊ पुटपुटले. पेट्रोल दोघांचं एकाच पंपावरचं! वहिनी रागारागानं पुढे चालायला लागल्या. पंच म्हणून मी प्लग काढून पाहिला. पेट्रोल कमी मिळालं की प्लग पांढरा पडतो, जास्त मिळालं की काजळी धरतो. भाऊंनीच शिकवलं होतं मला. प्लगवर काजळी होती. भाऊंनी तो माझ्या हातून काढून घेतला आणि खिशात टाकला.

दुपारी शेतात भाऊ गोवऱ्यांपुढे बसून रोडगे भाजत होते. बाजेवर लोळत दिगंबररावांचं 'हा कच्चा, तो करपला' असं चालूच होतं. मी भाऊंच्या शेजारी जाऊन बसलो.

"भाऊ, पेट्रोल तुमीच वाढवलं ना?"

"हळू बोल ना बे."

"अहो, पण शेवटची शर्यत होती!"

भाऊंनी एक रोडगा उलटवला. "मूर्तिजापूर गेलं अन् मागून आवाज बंद झाला. लगन झाल्यापासून ही गाडीवर कधी चूप बसली नाही. मले वाटलं, पडली का काय. आरशात पाह्यलं तं दर उचकीले ओठ दाबत होती. मंग काय करतं त्या ॲव्हरेजले?"

या माणसाला आम्ही गल्लीत किती हसतो! "मंग वहिनीले सांगा ना खरं," मी म्हणालो.

"नको रे बाप्पा. आपल्यापायी हारले म्हणून ती मनाले लावून घेईन."

तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला, चांगला खणखणीत. "सारा जनम स्क्रू फिरोवण्यात गेला, अन् आज पाहा काय दिवे लावले! बेबीपुढं तोंड दाखवाले जागा ठेवली नाही मले!"

मी उठून त्यांना काही सांगायला निघालो, तर भाऊंनी माझा हात धरून खाली बसवलं.

"भांडू दे तिले," भाऊ म्हणाले. "भांडून राहिली म्हणजे दुखून नाही राहिलं."