डाव्या बाजूचे मिस्त्री

हेडमास्तरीणबाईंची गाडी पुढच्या चौकातल्या नव्या गॅरेजात उभी दिसली आणि मिस्त्रींनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

गाडी तीच होती. अठरा वर्षांत तिला मिस्त्रींखेरीज दुसऱ्या कुणाचा पाना लागला नव्हता. तिच्या पोटाखालचा नट अन् नट त्यांच्या ओळखीचा होता. आणि आज ती परक्याच्या लिफ्टवर चढून, चारी चाकं हवेत सोडून, खुशाल उभी होती. मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, बाईंची गाडी गेलीय तिकडे," बायको म्हणाली. "मी इथंच आहे. जेवून घ्या."

मिस्त्री जेवले, पण रागारागाने जेवले.

आता मिस्त्रींचं दुखणं नीट समजून घ्यायला हवं. गाडीचं स्टिअरिंग आणि सस्पेन्शन ते कानाने तपासत. गिऱ्हाइकाने गाडी चालवायची, मिस्त्रींनी शेजारी डोळे मिटून बसायचं आणि पोस्टासमोरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी दोनदा न्यायची. एका फेरीला मिस्त्री उजव्या कानात बोट घालून डावी बाजू ऐकत, दुसऱ्या फेरीला डाव्या कानात बोट घालून उजवी. मग निकाल लागे. "डावा बुश गेलाय." त्यावर अपील नसे. नव्या गॅरेजवाल्याकडे मात्र कॉम्प्युटर होता, आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात छापील कागद ठेवी. म्हणून मिस्त्रींनी त्याचं नाव 'छापखाना' ठेवलं होतं.

"कागद वाचून गाडी कळते होय?" मिस्त्री मेहुण्याला म्हणाले. "त्याला उघडा पाडतो बघ. माझ्या गाडीच्या डाव्या चाकाची लिंक, म्हणजे जोडदांडी, सैल करतो. तू गाडी घेऊन जा त्याच्याकडे. त्याच्या कागदाला ती सापडणार नाही. मग ती गंमत मी स्वतः बाईंच्या कानावर घालतो."

मेहुणा दातांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. लोकांना तोंड उघडायला लावण्यात त्याची हयात गेली, पण स्वतःचं बंद ठेवणं त्याला जमत नसे. "दाजी, चांगल्या गाडीचं कशाला वाटोळं करता?"

"तू फक्त चालव. बोलू नकोस."

हे सांगितलं खरं, पण मेहुण्यावर भरवसा कोण ठेवणार? शिवाय छापखान्याची फजिती स्वतःच्या कानांनी ऐकली नाही, तर एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी लिंक सैल करून झाल्यावर मिस्त्री मागच्या सीटवर आडवे झाले आणि त्यांनी अंगावर गाडीचं जुनं कव्हर ओढून घेतलं. कव्हरला तीन वर्षांच्या धुळीचा वास येत होता. ईर्ष्येपुढे माणसाला वास येत नाही.

छापखाना हळू बोलणारा, चष्मेवाला माणूस निघाला. त्याने चाकांना यंत्रं लावली, पडदा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मागं काही सामान आहे का हो? गाडी मागून दबलीय."

"गोणी आहे," मेहुणा म्हणाला.

"उतरवू या. चाकांची अलाइनमेंट बघायला गाडी रिकामी लागते."

"नको नको. फार जड आहे. आणि जरा तापटही आहे." आपण काय बोललो ते मेहुण्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने घाईने भर घातली, "म्हणजे, तापणारी आहे. उन्हात."

कव्हरखाली मिस्त्रींनी दात खाल्ले. छापखान्याने चष्म्यातून त्या गोणीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग लिफ्टचं बटण दाबलं. गाडी वर निघाली. गाडीबरोबर मिस्त्रीही निघाले. पंचवीस वर्षं ते गाड्यांच्या खाली गेले होते, पण गाडीतून असे वर कधी गेले नव्हते. डोक्याइतक्या उंचीवर लिफ्ट थांबली. खालून टॉर्चचा उजेड हलला, हाताने काहीतरी हलवून पाहिल्याचा आवाज आला, आणि मिस्त्रींना शिंक आली. त्यांनी ती नाक दाबून परतवली. गाडी तेवढी हादरली.

"गोणी हलतेय," छापखाना खालून म्हणाला.

"बटाटे असतील," मेहुणा म्हणाला. "घरंगळतात."

गाडी खाली आली. छापखान्याने छापील कागद काढला, पण तो मेहुण्याच्या हातात दिला नाही. घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "कागदावर सगळं ठीक आहे. पण कागदावर माझा फारसा विश्वास नाही. जरा चक्कर मारून येऊ." तो स्वतः स्टिअरिंगवर बसला, मेहुणा शेजारी बसला, आणि गाडी थेट पोस्टासमोरच्या स्पीडब्रेकरवर गेली.

धाड.

"डावी लिंक सैल आहे," छापखाना म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम केलीय. खाली पाहिलं तेव्हा नटावर पान्याचे ताजे ओरखडे होते." मिस्त्रींनी कव्हर आणखी घट्ट ओढून घेतलं. आपण याला उघडा पाडायला आलो, आणि हा आपल्यालाच कव्हरसकट उघडा पाडणार असं दिसतंय. "आणि त्याशिवाय उजवीकडचा बॉल जॉइंट गेलाय. कधीचा कटकट करतोय. तो खरा धोका."

उजवीकडचा? गेल्याच आठवड्यात मिस्त्रींनी जातीने तपासलेला? मग मात्र राहवेना. कव्हर भिरकावून मिस्त्री ताडकन उठून बसले.

"उजवीकडे काही आवाज नाही. गाडी परत न्या."

छापखाना दचकलाही नाही. त्याने गाडी वळवली. मिस्त्रींनी डाव्या कानात बोट खुपसलं, डोळे मिटले आणि उजवा कान खिडकीला लावला. गाडी स्पीडब्रेकरवरून गेली.

"बघा. शांत."

"आता त्या कानातलं बोट काढा," छापखाना म्हणाला, "आणि तो कान इकडे करा."

गाडी तिसऱ्यांदा गेली. कट, कट, कट. उजवीकडून, अगदी स्पष्ट. मिस्त्रींनी कानांची अदलाबदल पुन्हा करून पाहिली. उजव्या कानाला गाडी शांत होती. रस्ता शांत होता. सगळं जगच शांत होतं.

छापखान्याने गाडी कडेला घेतली.   मग मेहुणा, आयुष्यात पहिल्यांदाच आवाज उतरवून, म्हणाला, "दाजी, ताईला ठाऊक आहे. दोन वर्षं ती तुमच्या डाव्या बाजूनेच बोलते."

"आणि बाईंना?"

"त्यांच्या गाडीची डावी बाजू तीनदा नवी झाली आणि आवाज होता तसाच राहिला," छापखाना म्हणाला. "तेव्हा माझ्याकडे आल्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून काही बोलल्या नाहीत. मलाही बजावलं होतं, कळू देऊ नका. पण तुम्ही स्वतःच आलात. गोणीतून."

मिस्त्रींना हसू आलं नाही. अठरा वर्षांची गाडी. कान गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं, ते होईलही सावकाश, पण आधी दुसरंच काहीतरी विचारल्यावाचून त्यांना चैन पडेना.

"डावीला हात लावलात?"

"छे. बाईंनी तसं सांगूनच गाडी सोडली. डावी बाजू मिस्त्रींची, तिकडे बघायचंसुद्धा नाही म्हणाल्या."

मिस्त्रींनी खिडकीबाहेर पाहिलं. कव्हरची धूळ डोळ्यांत गेली असावी, कारण त्यांनी डोळे पुसले. मग ते ऐटीत मागे टेकून बसले.

"चला तुमच्या गॅरेजात," ते म्हणाले. "बॉल जॉइंट तुम्ही बसवा. लिंकला मात्र हात लावू नका. ती माझी मी आवळीन."