तीन हजार ठोक्यांचं कुमीस

आमच्या तालुक्यात लँडलाइनचे फोन एकूण अकरा उरले आहेत. त्यातले नऊ बंद आहेत आणि उरलेले दोन तालुका कचेरीत असल्यामुळे ते कोणी उचलत नाही. या अकरा फोनांच्या तारांची जबाबदारी शासनाने माझ्यावर सोपवली आहे. इतक्या जबाबदारीच्या पदावरच्या माणसाला मोकळा वेळ किती मिळतो, हे वेगळं सांगायला नको. त्या वेळात मी इलेक्ट्रॉनिक्सचा छंद जोपासला.

उजाडलं की खुराड्याचं दार आपोआप उघडावं, अशी एक योजना मी केली. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकच्या दिव्यालाही ते दार उजाडणंच समजे. त्यामुळे आमच्या कोंबड्यांचा दिवस एका रात्रीत सहा वेळा उजाडू लागला, आणि कोल्ह्याचाही. मग मी फाटकाला माणूस ओळखायला शिकवलं. त्याने गाईला आत घेतलं आणि माझ्या बायकोला बाहेर ठेवलं.

"त्याचं काही चुकलं नाही," तुर्सुनाय पावसात उभी राहून म्हणाली. "तुझ्या डोळ्यांसमोर जास्त वेळ तीच तर असते."

पण सोल्डरचा डाग नीट बसला, राळेचा धूर नाकात गेला आणि एवढासा हिरवा दिवा लुकलुकायला लागला की मला कोंबड्यांचंही काही वाटेनासं व्हायचं, बायकोचंही. सांस्कृतिक भवनातल्या 'स्वहस्ते निर्मिती मंडळा'चा मी अध्यक्ष होतो. सभासद दोन. दुसरा भवनाचा पहारेकरी. ती खोली उबदार असते म्हणून तो बसायचा.

बुरुलकान तायजे, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, दर जूनला घोड्या घेऊन वरच्या कुरणावर जाते आणि सप्टेंबरपर्यंत यूर्तमध्ये, म्हणजे लोकरी नमद्याच्या गोल तंबूत, राहते. तिचं कुमीस प्यायला लोक दोन खिंडी ओलांडून येतात. घोडीचं दूध धुरावलेल्या कातडी बुधल्यात आंबायला ओतायचं आणि लांब दांड्याच्या रवीने दिवसभर येता-जाता घुसळत राहायचं, एवढंच ते काम. ती ते पन्नास वर्षं करते आहे. त्या वर्षी मी वर गेलो तेव्हा घुसळता घुसळता ती मध्येच थांबून उजवा खांदा दाबत होती.

"दुखतोय का?"

"दुखायला खांदा आहे अजून, हे बरं नाही का?"

मी खाली आलो. भंगारातल्या मोस्कविच गाडीच्या वायपरची मोटर काढली, तिला दांडा जोडला, दांड्याला रवी, वर सौरऊर्जेची पाटी. आठ दिवसांनी यंत्र घोड्यावर लादून वर नेलं. रवी आपोआप खाली-वर होऊ लागली. शेजारपाजारच्या बायका गोळा झाल्या. तायजे हात मांडीवर ठेवून बसली. तिचे हात मी पहिल्यांदाच रिकामे पाहिले. संध्याकाळी तिने वाडग्यात थोडं ओतून चाखलं.

"कसं झालंय?"

"फेटलेलं दूध झालंय."

"पण सारखं घुसळतंय की!"

"तेच तर. थांबायचं कधी ते याला कळत नाही. आत दाटपणा येतो, आवाज बदलतो, मग थांबायचं, निवू द्यायचं, परत लागायचं." मग माझं तोंड बघून म्हणाली, "एसेनकुल, लोणी काढायला मात्र झकास आहे हं."

इथे कुठलाही शहाणा माणूस यंत्र उचलून खाली आला असता आणि खांद्याला लावायला मलम घेऊन वर गेला असता. मी छंदिष्ट होतो. मी ठरवलं की कधी थांबायचं हे यंत्राला शिकवायचं. त्यासाठी तायजे किती ठोके मारते, हे आधी मोजायचं. एका मोडक्या खेळण्यातून हालचाल ओळखणारा सुटा भाग काढला, त्याला आकडे दाखवणारी छोटी पट्टी जोडली आणि ती डबी तिच्या रवीच्या दांड्याला बांधली.

सोमवारी दोन हजार तीनशे चौदा. मंगळवारी अठराशे सत्तर. बुधवारी ढग होते, दोन हजार सहाशे. गुरुवारी पाहुणे आले, अकराशे. चारही दिवसांचं कुमीस एकसारखं उत्तम होतं. यातून काहीच सिद्ध होत नव्हतं, पण लाल आकडे फार सुंदर दिसत होते.

शुक्रवारी उमेतालिएव साहेब कुमीस प्यायला आले. साहेब तालुका कचेरीतल्या 'परंपरा व डिजिटल प्रगती कक्षा'चे प्रमुख. पंधरा जुलैच्या आत तालुक्यातला एक प्रेरणादायी निर्माता शोधून कळवावा, असं परिपत्रक त्यांच्या खिशात होतं आणि त्या दिवशी तारीख नऊ होती. त्यांनी आधी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कोणी केलं?"

"मी."

"स्वतः? घरी?"

"स्वयंपाकघरातल्या टेबलावर."

"प्रेरणा मिळाली," साहेब म्हणाले आणि त्यांनी तारीख टाकून तशी नोंद करून घेतली.

पुढच्याच आठवड्यात समिती बसली. तोवर कुमीस म्हणजे काय, याची लेखी व्याख्या तालुक्यात कुठेच नव्हती. लोक आपले पीत होते. ही गंभीर त्रुटी दूर करायची होती. नमुना क्रमांक सातमध्ये 'किमान ठोके' अशी एक चौकट रिकामी होती.

"किती ठोक्यांनी कुमीस होतं?" साहेबांनी मला विचारलं.

खरं उत्तर मला माहीत होतं. ते उन्हावर अवलंबून असतं, गवतावर, घोडीवर, बुधल्यावर आणि सगळ्यात जास्त घुसळणारीवर. पण माझ्या सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात कोणी हातात पेन धरून माझ्या उत्तराची वाट पाहिली नव्हती.

"तीन हजार," मी म्हणालो.

"साडेतीन नको?"

"तीन पुरे," मी उदारपणे म्हणालो.

त्यानंतरचे दहा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. मी बेचाळीस डब्या बनवल्या. पहारेकऱ्यालाही डाग द्यायला शिकवलं. त्याचं एक बोट भाजलं, पण डोळे चमकत होते. कुरणावरच्या प्रत्येक यूर्तला एकेक डबी मिळाली. ज्याचे तीन हजार भरतील त्याच्या बुधल्याला हिरवी चिठ्ठी, ज्याचे भरणार नाहीत त्याला लाल. लाल चिठ्ठीवर छापलं होतं: 'अपूर्ण पेय'.

पहिल्या दोन दिवसांत अर्ध्या कुरणावर लाल चिठ्ठ्या लागल्या. तिसऱ्या दिवसापासून प्रगती दिसू लागली. एकीने डबी पाळण्याला बांधली. तिचं बाळ रडकं होतं, आकडे छान यायचे. एकीने खोगिराला बांधली आणि नवऱ्याला मेंढ्यांमागे धाडलं. काल्बुबू नावाच्या बाईकडे त्या वर्षी एकही घोडी नव्हती, पण कुत्रा तरणा होता. तिचे दिवसाला अकरा हजार भरू लागले. तालुक्यातलं कुमीसाचं उत्पादन कागदावर सहा पटींनी वाढलं. कक्षाच्या भिंतीवर आलेख लागला, आणि तो छतापर्यंत गेल्यामुळे वाकवून पुढे छतावर चिकटवावा लागला.

लाल चिठ्ठी शेवटपर्यंत एकाच बुधल्यावर राहिली.

"तायजे, जरा जास्त घुसळा ना," मी म्हणालो. "नऊशेच तर कमी पडतात."

"जास्त घुसळलं तर बिघडेल."

"मग कुमीस झाल्यावर नुसतीच रवी हलवा. हवेत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून घोड्यांना पाणी दाखवायला गेलो.

जुलैअखेर कुरणावर उत्सव असतो. तिथे एकतीस वर्षं पहिला वाडगा तायजेच्या बुधल्यातून भरला जातो. या वर्षी उत्सवाच्या जागेभोवती दोर बांधला होता आणि लाल चिठ्ठीचा बुधला त्या दोराच्या आत आणायला मनाई होती. मी साहेबांना भेटायला खाली गेलो.

"साहेब, तिचं कुमीस तुम्ही स्वतः प्यायला आहात."

"परवाच प्यायलो. अप्रतिम आहे," साहेब म्हणाले. "पण ते कुमीस नाही."

"मग काय आहे?"

"नोंदीप्रमाणे दूध."

"मग दूध म्हणून तरी उत्सवात येऊ द्या."

"आंबलेलं दूध उत्सवात वाटता येत नाही. आरोग्याचा प्रश्न आहे."

"आंबलेलं आहे म्हणजे कुमीसच झालं ना?"

"हे तुम्ही म्हणता? तीन हजार कोण म्हणालं होतं, आम्ही?"

मी वर परतलो. वाटेत मला एक युक्ती सुचली. तायजे घोड्यांचं दूध काढायला गेली की मी तिच्या रवीवरची डबी सोडवायची आणि यूर्तच्या मागे ठेवलेल्या माझ्या यंत्राच्या रवीला बांधायची. खाली एक जुना बुधला, त्यात ओढ्याचं पाणी. यंत्र तासाभरात कमी पडलेले नऊशे ठोके भरून काढायचं. तीन दिवसांत हिरवी चिठ्ठी आली. माझ्या यंत्राचा अखेर उपयोग झाला, या आनंदात मी तेवढ्या वेळात यंत्राला रंगही दिला.

चौथ्या दिवशी एक घोडी लंगडत होती म्हणून तायजे लवकर परतली. मी वळलो तेव्हा ती मागे उभी होती. यंत्र ठक ठक करत होतं.

"आत काय आहे?"

"पाणी."

ती खाली बसली. बुधल्यात वाडगा बुडवला, ते पाणी चाखलं, मग उरलेलं गवतावर ओतलं.

"माझं कुमीस खरं आहे हे सांगायला तुला पाणी लागलं होय रे?"

आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोललो. एकतीस वर्षांचा मान, दोराच्या आत जागा, तुमच्यासाठीच केलं वगैरे. तिने डबी सोडून माझ्या हातात दिली, बुधल्यावरची हिरवी चिठ्ठी काढली आणि काढून ठेवलेली जुनी लाल चिठ्ठी जिभेवर ओली करून पुन्हा चिकटवली. मग दुखऱ्या खांद्याने रवी उचलली. मी यंत्राचे नट काढत बसलो. एक नट गवतात पडला, तो अजून सापडलेला नाही.

उत्सवाच्या दिवशी ती आली. दोराच्या बाहेर, पाऊलभर अंतरावर नमदा अंथरला, बुधला ठेवला आणि बसली. दोराच्या आत मांडवात काल्बुबूचं अकरा हजार ठोक्यांचं कुमीस होतं, ते दुकानातल्या बाटल्यांतून आणलेलं होतं. पाहुणे मांडवात एक घोट घेत, तिथे टांगलेल्या आलेखाच्या प्रतीचं कौतुक करत आणि दोर ओलांडून रांगेत उभे राहत. रांग घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानापर्यंत गेली होती. उमेतालिएव साहेब कडेकडेने आले.

"मी इथे आलेलो नाही," ते तायजेला म्हणाले.

"बरं. मग वाडगा कुठे ठेवू?"

"माझ्या हातात."

ते तीन वाडगे प्यायले नाहीत.

तेवढ्यात भोंग्यावर माझं नाव पुकारलं गेलं. 'प्रेरणादायी निर्माता' म्हणून मला मंचावर बोलावलं होतं. तुर्सुनाय शेजारीच उभी होती.

"जाणार आहेस?" तिने विचारलं.

मी नकार देईन, असं मला त्या क्षणापर्यंत खरोखर वाटत होतं. भाषणही मनात तयार होतं. चार वाक्यांचं, बाणेदार. मी मंचावर चढलो, त्यांनी माझ्या डोक्यावर नवीकोरी उंच नमद्याची टोपी ठेवली, ती नेमकी माझ्या मापाची निघाली, आणि मी म्हणालो, "आभारी आहे." खाली उतरलो तेव्हा तायजेने मला रांगेत शेवटी उभं केलं. पाऊण तासाने माझा नंबर आला. तिने वाडगा काठोकाठ भरून दिला आणि म्हणाली, "टोपी काढून पी."

पुढच्या वर्षी नवं परिपत्रक आलं. ते मधमाश्यांविषयी होतं, त्यामुळे कुमीस पुन्हा बेकायदा उत्तम झालं. कक्षाने डब्या परत मागवल्या; काल्बुबूच्या कुत्र्याने आपली परत दिली नाही. तायजेच्या खांद्याला तालुक्याच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. म्हणून जूनमध्ये मी रजा टाकून वर जातो आणि माझ्या दोन हातांनी घुसळतो. रजेच्या काळात अकरा फोनांपैकी एकाचीही तक्रार येत नाही. ती फोनवरच करावी लागते. तायजे आत पडून ऐकत असते आणि "आता थांब" म्हणून ओरडते. यंदा एकदा तिने ओरडायच्या आधी मी थांबलो. तिने चाखून पाहिलं. "किंचित लवकर थांबलास," ती म्हणाली, आणि आख्खा वाडगा संपवला.

हे सगळं वाचून तुम्ही हसला असाल तर त्यात काही गैर नाही. चव सोडून आकडे चाखणारे लोक हास्यास्पद असतातच, आणि मी तर त्यांचा टोपीसकट प्रमुख होतो. तुम्ही शहरातली शहाणी माणसं. तुम्हाला एकच साधी गोष्ट विचारतो. काल झोप कशी लागली?

नाही, मनगटाकडे न बघता सांगा.