एकशे बाराची बरणी

बशीरचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी हात धुवायला न्हाणीघरात जातात आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत. आत ते त्या घरातल्या क्रीमच्या, शाम्पूच्या बाटल्या उलट्या करून बघत असतात.

आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला आले तेव्हा चहावर साय धरली तरी चाचांचा पत्ता नाही. शेवटी माझ्या मुलीचा कंडिशनर हातात घेऊन आले. "मॅडम, हे संक्रांतीपातूर वापरून टाका. पाणी सुटणार." संक्रांतीला खरंच बाटलीत वर पांढरं आणि खाली पाणी. तेव्हापासून चाचा येणार म्हटलं की मुलगी तिच्या बाटल्या कुलपात ठेवते.

अक्कलकोट रोडला आमचा क्रीमचा लहानसा कारखाना आहे. भांडार, नोंदी, नमुने आणि दुसरं कुणी करत नाही ते सगळं माझ्याकडे. मी याद्या करते. यादीशिवाय काही चालत नाही, आणि यादी करूनही फारसं चालत नाही, एवढं मला आता कळलंय. चाचा मिक्सिंगवर. वीस वर्षं झाली.

त्यांचा जीव सीटोवर. पोत्यावर त्याचं लांबलचक नाव असतं, शेवटी अल्कोहोल. पण त्याला ना दारूचा वास, ना नशा. पांढरे, मेणचट दाणे. तेल आणि पाणी एकत्र आणणारा माल वेगळा. एकत्र आलेल्यांना धरून ठेवायचं, क्रीमला घट्टपणा द्यायचा, हे काम या दाण्यांचं. ते तेलात वितळवायचे, त्यात तेवढंच गरम पाणी सोडायचं आणि थंड होईपर्यंत हळूहळू ढवळत राहायचं. हे 'हळूहळू' माझ्या वेळापत्रकात आजवर बसलेलं नाही.

"चाचा, टाकी कधी रिकामी होणार?"

"हुईल की. गरम हाय अजून."

"गाडी दारात उभी आहे."

"मग तिला बस म्हणा की!"

जगातलं काहीही बिनसलं तरी चाचांकडे कारण तयार असतं. शेजारचे दोन भाऊ वेगळे झाले: "सीटो कमी पडला." मालकांची भागीदारी मोडली: "घाईत गार केलं." माझं आणि सासूबाईंचं मात्र त्यांनी जरा विचार करून सांगितलं. "मॅडम, तुमच्यात ढवळणं लई झालंय. आता गार होऊ द्या."

मे महिन्यात ते प्रत्येक नव्या क्रीमची एक बरणी पत्र्यावर ठेवतात. "सोलापूरचं ऊन सोसलं तर कुटंबी जगंल."

तर त्या बरणीविषयी. प्रत्येक घाण्याचा, म्हणजे टाकीत एका वेळी होणाऱ्या मालाचा, एक नमुना आम्ही कपाटात ठेवतो आणि मुदतीनंतर वर्षभरानं नष्ट करतो. एकशे बारा नंबरच्या घाण्यापुढे मी 'नष्ट' अशी खूण दोनदा केली. दोन्ही वेळा बरणी पुन्हा खालच्या कप्प्यात.

"चाचा, ही अजून इथं कशी?"

"निरीक्षण चालू हाय."

"किती दिवस?"

"बघू की."

यंदा तपासणी यायची होती. शनिवारपर्यंत कपाट साफ हवं, असं मालकांनी बजावलं. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळ्या नोंदींवर खुणा झाल्या, एक सोडून. मी दमले होते. बरणी उचलली, झाकण उघडलं. सील फोडलेलं, आणि क्रीममध्ये मधोमध बोटाचा खड्डा.

"नमुन्यात बोट कुणी घातलं? वीस वर्षं काम करता, तुम्हाला सांगायला पाहिजे का मी?"

चाचा धावत आले. "हलवू नका मॅडम. तिचं हाय ते."

चाची घरी विड्या वळायच्या. तंबाखूनं बोटं सदा भेगाळलेली. चाचा प्रत्येक नवी क्रीम चोरून घरी न्यायचे, चाची लावून बघायच्या आणि नावं ठेवायच्या. तेलकट हाय, पाणचट हाय.

"एकशे बाराला बोट घातलं आन् म्हटली, 'आता जमली बगा तुमाला.' पुढच्या आठवड्यात गेली."

चाची वारल्या तेव्हा चाचांच्या रजेचे चार दिवस मी हजेरीपटावर मांडले होते. मला तेवढंच आठवलं.

"मग घरी का नाही नेत?"

"घरी पत्रा हाय, मॅडम. उन्हाळ्यात खड्डा बुजंल."

मी बरणीत पुन्हा पाहिलं. तीन उन्हाळे झाले होते. खड्ड्याची कड अजून तशीच होती, एका बाजूला नखाची बारीक रेघ. पाण्याचा थेंब सुटलेला नव्हता.

झाकण हळू लावलं. आमच्याकडे सुगंधांच्या बाटल्यांसाठी एक थंड खोली आहे, तिची किल्ली माझ्याकडे असते. कपाटाच्या यादीतून एकशे बारा काढली आणि थंड खोलीच्या यादीत सगळ्यात खाली लिहिलं:

बरणी, एक नग. बशीरचाचांची. हलवू नये.