काठोकाठ तांब्या

गुरपादप्पा नवी मोटार बघायला निघाले, की त्यांच्या हातात पितळेचा फिरकीचा तांब्या असायचा. त्यातलं पाणी पिण्यासाठी नसे. मोटारीत मागच्या बाजूला बसायचं, फिरकी काढायची, काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर धरायचा आणि चालवणाऱ्याला म्हणायचं, "हं, चलू द्या." थेंब सांडला की खाली उतरायचं. मोटारीबद्दल त्यांना आणखी काही ऐकायचं नसे.

धाराशिवला त्यांचं अडतीचं दुकान होतं आणि मी तिथं हिशेब लिहीत होतो. कपाळाला भस्म, डोक्याला रुमाल, तोंडात अर्धी मराठी आणि अर्धी कानडी. त्यांचा लाडका शब्द एकच, "मेल्लगे". म्हणजे हळू, जपून. पोती उतरवणाऱ्या हमालाला मेल्लगे, दाढी करणाऱ्या न्हाव्याला मेल्लगे. मी टाक जरा जोरात टेकवला, तरी गादीवरून आवाज यायचा, "मुनीमजी, मेल्लगे!"

तांब्याची परीक्षा मोटारीपासून सुरू झाली नव्हती. त्याआधी बैलगाडी, छकडा, टांगा सगळे नापास झाले होते. सरकारी बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "काय अप्पा, अभिषेकाला निघालात?" अप्पा म्हणाले, "निघालो न्हाय. तुझ्या गाडीनं धोतरावर केला की!"

गावाला ही गंमत वाटे. कारण मात्र साधं होतं. अप्पांच्या पत्नी गंगव्वा, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, त्यांचं माहेर माकणी. एकदा माहेराहून येताना ओढ्यात गाडी उलटली आणि अक्कांच्या पाठीला मार बसला. तेव्हापासून जरा हिसका बसला, की त्या अंथरूण धरायच्या. माहेर सुटलं. तिकडं आईची दृष्टी गेलेली. माकणीचा कुणी बाजाराला आला, की निरोप यायचाच, "गंगू कधी येती?" वैद्य म्हणाले होते, "प्रवास करा, पण हिसका नको." किती नको, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते अप्पांनी ठरवलं. एक थेंबही नको.

युद्ध संपलं, नव्या मोटारी पुन्हा येऊ लागल्या, आणि आम्ही सोलापूरच्या वाऱ्या सुरू केल्या. आमचं धाराशिव निजामाच्या राज्यात, सोलापूर इंग्रजी मुलखात. वाटेत करोडगिरीचा नाका, तिथं जकातीसाठी सामान तपासत. शिपायानं विचारलं, "सेठ, लोटे में क्या माल है?"

"पाणी."

"इत्ता संभालके?"

"सांडलं तर तुमचं सरकार भरून देतं का?"

शिपायानं निमूटपणे आम्हाला सोडलं. मला नेण्याचं कारण असं, की आमचा निजामी हाली सिक्का आणि तिकडचा इंग्रजी कलदार रुपया यांचा हिशेब मला तोंडी यायचा. माझा दुसरा उपयोग अजून कळायचा होता.

मोटारीच्या दुकानात टाय लावलेले एक गृहस्थ होते. अप्पांनी त्यांचं नावच टायवाले ठेवलं. ते मोठ्या हौसेनं दाखवायला लागले, "हे दिवे पाहा, हे घड्याळ, हा भोंगा."

"भोंगा माझ्या गळ्यात हाये. गाडी चालवा."

टायवाल्यांनी गुळगुळीत डांबरी रस्त्यावरून चक्कर मारली. अप्पा म्हणाले, "असला रस्ता माकणीला असता तर म्या खाटंवर बसवून नेलं असतं. गिरणीकडं कापसाच्या गाड्या जात्यात, त्या वाटंनं घ्या." त्या वाटेच्या पहिल्याच खड्ड्यात तांब्यातलं पाणी कोऱ्या गादीवर सांडलं. टायवाले खिशातल्या रुमालानं गादी पुसत होते आणि अप्पा शांतपणे म्हणत होते, "दुसरी दाखवा."

दुसऱ्या खेपेला टायवाल्यांनी पाण्याची सोय आपणच केली आणि पेला पाऊण भरून दिला. अप्पांनी आपल्या तांब्यातून तो काठापर्यंत भरला. ती गाडीही नापास झाली.

तिसऱ्या खेपेला दुकानात एकच गाडी उरली होती आणि तिच्यावर बार्शीच्या एका व्यापाऱ्याचा डोळा होता. टायवाले म्हणाले, "आज हो किंवा नाही सांगा. नंतरची गाडी कधी येईल, देव जाणे." मी दमलो होतो, दुकानातच बसून राहिलो. अप्पा चक्कर मारून आले ते ओल्या धोतरानं. चेहरा उतरलेला. तसा चेहरा मी दुकानात कधी पाहिला नव्हता, भाव कोसळले तेव्हासुद्धा नाही. उभ्या उभ्या त्यांनी धोतराचा सोगा पिळला. मग माझ्याकडं बघत राहिले.

"मुनीमजी, तुमी बसा बरं संगं."

मी अंगानं भरलेला माणूस आहे. मी मागं बसलो तशी गाडी खाली दबली. त्याच वाटेनं गेलो. पाणी काठावर आलं, डुचमळलं, पण सांडलं नाही.

"साधलं!" अप्पा ओरडले. "रिकामी गाडी उडती! ह्या गाडीला वजन पायजे. टायवाले, गाडी घेतली. वजन माझ्याकडं हाये."

भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडणारा हा माणूस. त्यानं मोटारीची सांगितली तेवढी किंमत मोजली. मी खुणावून थकलो.

माकणीला निघालो तेव्हा अप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी, पण तोंड मागं करून बसले. मागं अक्का, मध्ये लोडांची भिंत आणि पलीकडं मी, वजन म्हणून. तांब्या अक्कांच्या मांडीवर. अप्पांनी निघतानाच बजावलं होतं, "थेंब सांडला की गाडी माघारी. तुझ्या पाठीपेक्षा माहेर मोठं न्हाय." अक्कांनी तांब्या जवळ ओढून घेतला होता.

सडकेवर सगळं ठीक चाललं. सडक सोडून माकणीच्या गाडीवाटेला लागलो आणि चाकोरीत चाक गेलं. पाणी काठाशी आलं. "मेल्लगे!" म्हणत अप्पा ड्रायव्हरकडं वळले. तेवढ्यात अक्कांनी तांब्या तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. पुढच्या चाकोरीत पुन्हा "मेल्लगे!" आणि पुन्हा घोट. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नुसती मान हलवली. हिशेबात चुकीची एक ओळ खपवून न घेणारा मी खिडकीबाहेरची ज्वारी बघू लागलो.

वेशीत गाडी थांबली. अप्पांनी गादीवर हात फिरवला, कोरडी. पदर बघितला, कोरडा. मग तांब्यात डोकावले. तांब्या निम्मा रिकामा.

"मुनीमजी, हिशेब लागतो का हो?"

"लागतो, अप्पा."

"तहान लागली हुती," अक्का म्हणाल्या.

अप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. "पाठ?"

"हाये जागंवर."

तोवर भिंतीला धरत म्हातारी दारात आली होती. "गंगू?" तिनं आवाजाच्या रोखानं हात पुढं केला. अक्का तिच्याकडं गेल्या, हळूहळू, पण कुणाचा हात न धरता.

चार दिवसांनी परत निघताना अप्पा स्वतः विहिरीवर गेले आणि तांब्या भरून आणला. काठापासून चांगला खाली. फिरकी घट्ट लावून त्यांनी तो अक्कांच्या हातात दिला.

"असू दे जवळ," ते म्हणाले. "वाटंत तहान लागती तुला."

मग ते पुढं जाऊन बसले, या वेळी तोंड पुढं करून, आणि ड्रायव्हरला अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मेल्लगे."