मुबीन मिस्त्रीचं प्रमाणित वजन

माणसाचं हृदय छातीत डाव्या बाजूला असतं, हा समज आता मागे पडला आहे. ते फायलीत असतं. साधारणपणे एक्स-रेच्या मागे आणि संमतिपत्राच्या पुढे, पंच मारून दोरीत ओवलेलं. छातीत जे धडधडतं ती त्याची झेरॉक्स, आणि नुसती झेरॉक्स कुठंच चालत नाही हे केज तालुक्यात लहान लेकरालाही ठाऊक आहे.

नांदूरघाटच्या मुबीन मिस्त्रीला मात्र ते वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. त्याचं सगळं आयुष्य ट्रॅक्टरखाली गेलं होतं (चांगल्या अर्थानं). लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत कुठं दुखतंय ते सांगायचं, ही विद्या त्याला बापाकडून, नबी मिस्त्रीकडून मिळाली होती. स्क्रू-ड्रायव्हरही बापाचाच. रोगाचं नाव कळलं की मुबीन पाठीवर सरपटत गाडीखाली शिरायचा आणि रोग हातात घेऊनच बाहेर यायचा.

पण गेल्या चार वर्षांत मुबीनचं पोट आणि ट्रॅक्टरचा तळ यांच्यातलं अंतर कमी कमी होत शून्यावर आलं, आणि पुढे तर शून्याच्याही खाली गेलं. दिवाळीच्या आधी तो अडकला. त्याला काढायला ट्रॅक्टर जॅकवर उचलावा लागला. एरवी माणूस ट्रॅक्टर दुरुस्त करतो, त्या दिवशी ट्रॅक्टरच्या पोटातून माणूस शस्त्रक्रियेनं काढावा लागला.

तेव्हापासून बायकोचा भाऊ रईस खाली जायचा आणि दिसेल ते ओरडून सांगायचा.

"दुल्हेभाई, इथं एक गोल हाय."

"गोल कावून म्हणतो बे? काय हाय ते सांग."

"गोलच हाय. वलं बी हाय."

एवढ्या निदानावर पाच ट्रॅक्टर दुरुस्त झाले. त्यातले तीन तसेच परत आले आणि उरलेले दोन केजच्या मिस्त्रीकडे गेले. मुबीनला सुंदर दिसायचं नव्हतं, शंभर वर्षं जगायचंही नव्हतं. त्याला गाडीखाली जायचं होतं. म्हणून त्यानं वजन कमी करायची शस्त्रक्रिया ठरवली.

रुग्णालय खासगी आणि प्रशस्त होतं (नाव देत नाही, प्रत्येकाला ते आपल्याच गावातलं वाटावं अशी अपेक्षा आहे). तिथले सर्जन फार सज्जन. ते म्हणाले, "ऑपरेशन एका तासाचं आहे. फक्त त्याआधी हृदय फिट असल्याचा कागद लागेल."

कागदासाठी चौदा तपासण्या होत्या. त्यातल्या अकरा माणूस ऑपरेशनमध्ये जगेल का हे बघतात, दोन तो आजवर कसा जगला हे बघतात, आणि एक चुकून दोनदा होते. मानसिक तपासणीत विचारलं, "तुम्ही दुःखात जास्त खाता की आनंदात?" मुबीन म्हणाला, "बारा वाजता." झोपेची तपासणी झाली. तिच्यात त्याला इतक्या वायरी लावल्या की तो झोपलाच नाही, पण घोरल्याची नोंद मात्र आली. ईसीजी उत्तम निघाला.

मग टू-डी इको. हृदयाच्या डॉक्टरांनी थंडगार जेल लावून अर्धा तास छातीवर यंत्र फिरवलं, कुशीवर वळवलं, श्वास धरायला लावला, सोडायला लावला, आणि अहवाल लिहिला: 'जाडीमुळे हृदय समाधानकारक दिसले नाही. असावे असे गृहीत धरले आहे. वजन कमी करून पुन्हा यावे.'

"साहेब, वजन कमी करायलाच तर आलोय."

"म्हणूनच तर हृदय बघतोय."

यात कुणाचीही चूक नव्हती, ही या पद्धतीची खरी थोरवी. डॉक्टरांनी त्यावरही मार्ग काढला. चालत्या पट्ट्यावर पळवून घ्यायची स्ट्रेस टेस्ट करू, म्हणाले. पट्ट्यावर मात्र पाटी होती: दीडशे किलोच्या वरच्या माणसाने चढू नये. आणि रुग्णालयाचा काटा दीडशेच्या पुढे गेला की आकडा दाखवायचा सोडून 'एर' (एररचं आखूड रूप) अशी दोन अक्षरं दाखवायचा. मुबीन चढला. 'एर.' उतरून पुन्हा चढला. 'एर.'

मुबीनची बायको जिनत बाजूलाच फाइल छातीशी धरून उभी होती. ती काउंटरवरच्या धनश्री मॅडमला म्हणाली, "ताई, दोन काटे शेजारी ठिवा. एक पाय ह्याच्यावर, एक पाय त्याच्यावर. दोनीची बेरीज करा."

धनश्री मॅडमनी फॉर्म फिरवून दाखवला. "वजनाचा रकाना एकच आहे ताई. दोन काट्यांचं वजन कुठे लिहू? तुम्ही प्रमाणित काट्याची पावती आणा."

दीडशेच्या वरचं काहीही तोलणारा, सरकारी शिक्का असलेला काटा पंचक्रोशीत एकच होता: साखर कारखान्याचा.

गावातल्या बंकटरावांचा ट्रॅक्टर मुबीननंच वाढवला होता, त्यामुळे तो मिळाला. रिकाम्या ट्रॉलीत मुबीन मांडी घालून बसला. बावीस किलोमीटर ऊन खात, पुढे उसाचे ट्रॅक्टर आणि मागेही उसाचेच, असे ते काट्यावर पोचले. काट्याचे क्लार्क अमरसिंह नियमानं चालणारे गृहस्थ. संगणकात रकाने होते आणि ते सगळे भरल्याशिवाय पावती निघत नव्हती. 'शेतकऱ्याचे नाव' इथं नबी मिस्त्रींचं नाव पडलं. 'लागवडीची तारीख' इथं मुबीनची जन्मतारीख. 'तोडणीचा प्रकार' या रकान्याशी अमरसिंह थोडे थांबले आणि त्यांनी 'अद्याप बाकी' असं लिहिलं.

पावती अशी आली. भरलेलं वजन चार हजार आठशे सत्तर. रिकामं, म्हणजे मुबीन उतरल्यावर, चार हजार सातशे पन्नास. निव्वळ मुबीन एकशे वीस. वजा पाचट आणि मोळीची बांधणी, दहा किलो (खरं तर टक्काभरच, पण काट्याला दहाच्या खालचं कळत नाही). देय मुबीन एकशे दहा.

"मी लुंगी बी न्हाई नेसलो, पॅन्टीत आलोय," मुबीन म्हणाला. "बांधणी कसली?"

"पट्टा आहे ना कमरेला?" अमरसिंह म्हणाले.

रुग्णालयात पावती फायलीला लागली आणि कामं भराभर हलली. एकशे दहा किलोच्या माणसाला पट्ट्यावर चढायची मुभा होती. मुबीन चढला. दुसऱ्या मिनिटाला पट्ट्यानं एक उसासा टाकला आणि तो थांबला.

तंत्रज्ञ घाबरला. मुबीननं छातीच्या वायरी तशाच ठेवून खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक मोटरीला लावलं, मूठ कानाला, डोळे मिटले. "बेअरिंग गेलंय," म्हणाला. "पट्टा बी एका अंगाला वढतोय." यंत्र आडवं करून त्यानं ते वीस मिनिटांत पोटापासून उघडलं आणि मिटवलं. या वीस मिनिटांत त्याचं हृदय स्क्रीनवर असं शांत, एका तालात चाललं की डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना दाखवायला त्याचा फोटो काढून ठेवला. अहवाल आला: 'हृदय फिट.' मुदत तीन महिने.

आता सगळं जमलं होतं. सर्जनांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि चष्मा काढला.

"अभिनंदन. तुम्हाला ऑपरेशनची गरज नाही. तुमच्या उंचीला एकशे दहा म्हणजे निकषाच्या खाली आहात."

मुबीन समोर दोन खुर्च्यांवर बसला होता.

"डाक्टर," जिनत म्हणाली, "जरा डोळ्यानं बघा की."

"डोळ्यांनीच बघायचं असतं," सर्जन अगदी मायेनं म्हणाले, "तर चौदा तपासण्या कशाला केल्या असत्या?"

"तुमच्याच काट्यावर 'एर' आलं न्हाई का?"

"'एर' हा आकडा नाही, ताई."

तरीही त्यांनी दोन वाटा दाखवल्या. एक, पावती दुरुस्त करून आणावी. दोन, कारखान्याच्या काट्यावर अजून तीस किलो भरतील इतकं वजन वाढवावं. त्यासाठी आहारतज्ज्ञांनी पूर्वीचाच तक्ता दिला, फक्त वरचा 'टाळावे' हा शब्द खोडून 'घ्यावे' केला.

मुबीन पहिली वाट धरून पुन्हा ट्रॉलीत बसला. बंकटराव स्वतः ट्रॅक्टर चालवत होते. काट्यावर मुबीननं अर्ज पुढे केला: दवाखान्याचा काटा दीडशेच्या वर म्हणतोय, तुमचा एकशे दहा, तेव्हा कृपया फरक लिहून द्यावा.

अमरसिंहांनी अर्ज वाचला. मागे सत्तावीस ट्रॅक्टरांची रांग होती. एकेक ड्रायव्हर उतरून पुढे आला आणि कान देऊन उभा राहिला. एका माणसामागे किमान चाळीस किलो गायब, तर ट्रॉलीमागे किती, हे गणित रांगेत तोंडीच सुटत गेलं आणि एकेक इंजिन बंद होत गेलं.

अमरसिंह आत गेले. दीड तासानं कारखान्याचं पत्र घेऊन बाहेर आले: 'काटा बिनचूक आहे. सदर इसमाचे उर्वरित वजन वाहतुकीदरम्यान उन्हाने वाळले असावे. अशी तूट गृहीत धरण्याची प्रथा आहे.'

मुबीननं स्वतःच्या दंडाला हात लावून बघितला. वाळल्यासारखं काही वाटत नव्हतं.

परतताना बंकटरावांनी ट्रॅक्टर कडेला घेऊन उभा केला. मग म्हणाले, "मिस्त्री, तुमी हायेत तसेच ऱ्हावा. तीस वर्सं आमी म्हंतोय काटा मारतेत, पर हातात पुरावा नव्हता. तुमी पुरावा हायेत. एक किलो बी कमी करू नका."

"मग गाडीखाली कोण जाईल? तुमी?"

"ती जिम्मेदारी आमची."

जबाबदारी त्यांनी निभावली. आठ दिवसांत शेतकऱ्यांनी मुबीनच्या गॅरेजात माणूसभर खोल खड्डा खणून बांधून दिला. गाडी वर उभी राहील, मिस्त्री खाली उभा राहील. खणताना मुबीनला फावड्याला हात लावू दिला नाही (घामात किलोभर गेला तर पुरावा हलका होईल). शिवाय रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून डबा यायचा, तुपासह. सामाजिक कार्यात एवढं पौष्टिक काम जिल्ह्यात पूर्वी झालं नसावं.

खड्ड्यात उतरून मुबीननं कित्येक महिन्यांनी ट्रॅक्टरचा तळ जवळून बघितला. रईसचा 'गोल' त्याला दिसला. गळकं ऑइल सील होतं. तो एकटाच हसला. आयुष्यात दुसरं काही नको, असं त्याला वाटलं.

वर यायला सात पायऱ्या होत्या. सातवीवर तो बसला. ओठ काळपट पडले होते आणि बोलणं तुटक येत होतं. जिनत पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं त्याच्याकडे बघितलं, तांब्या खाली ठेवला आणि त्याच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला. मूठ त्याच्या छातीला लावली, टोकाला अंगठा ठेवून कान टेकवला, डोळे मिटले. वीस वर्षं मिस्त्रीच्या घरात काढली होती तिनं.

"मिसिंग मारतंय," ती म्हणाली. "चार ठोके बरूबर. पाचवा गायब."

"स्क्रू-ड्रायव्हर जुना झालाय," मुबीन म्हणाला. "फायलीत बघ. फिट हाय. अजून मुदत हाय."

"तुमच्या अब्बाचा हाय ह्यो. आजवर कुन्या इंजिनाबद्दल खोटं बोलला न्हाई." तिनं फाइल उचलली आणि पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली. "सकाळी अंबाजोगाईला जायचं. सरकारीत. फाइल न न्हेता."

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर पोरगी रात्रपाळीची जागलेली होती. फाइल नाही म्हटल्यावर म्हणाली, "बरं झालं, टेबलावर जागा नाही." तिनं नळी कानात घातली आणि ऐकत बसली. मुबीन इंजिनाला जेवढा वेळ देतो, तेवढा वेळ दिला. मग म्हणाली, "ठोका चुकतोय. आधी हे सुधारू, मग ऑपरेशनचं बघू. वजन किती?"

काटा म्हणाला, 'एर.'

"मावशी," डॉक्टरनं हाक मारली, "शेजारच्या खोलीतला काटा आणा हो. भाऊ, एक पाय इकडं ठेवा, एक तिकडं."

ऐंशी आणि अठ्ठ्याहत्तर. तिनं बेरीज कागदाच्या कोपऱ्यात केली. एकशे अठ्ठावन्न. जिनतनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. नवऱ्याचं एवढं वजन बघून बायकोला हायसं वाटल्याचं वैद्यकशास्त्रात दुसरं उदाहरण नसावं.

बाहेर बंकटराव थांबलेच होते. "मिस्त्री, तब्येत पयली, ते खरं," ते म्हणाले, "पर हंगाम संपेस्तोर थांबता आलं तर..."

"बंकटराव," जिनत म्हणाली, "काट्यावर ठिवायला दगुड बघा. ह्यो माझा माणूस हाय."

इथवर वाचून तुम्ही हसला असाल. कारखान्याला, सर्जनला, 'वाळले असावे' या वाक्याला. हसायलाच हवं. परवा सकाळी तुम्ही घरच्या काट्यावर चढलात, आकडा बघून उतरलात, घड्याळ काढलंत, खिशातला मोबाइल काढलात, आणि काटा पायानं सरकवत खिडकीजवळच्या फरशीवर नेलात (तिथं तो अर्धा किलो कमी दाखवतो हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे). मग जो आकडा आला तोच तुम्ही विचारणाऱ्याला सांगितलात, आणि जिना चढताना जी धाप लागते तिला 'हवा जरा दमट आहे' म्हणालात.

अमरसिंह या महिन्यात निवृत्त होत आहेत. काट्यावर जागा आहे. अनुभवी उमेदवारांना प्राधान्य.